डीडीजे-एफएलएक्स४ नऊ महिने वापरल्यावर, बडोद्याच्या गरब्यासकट

मार्चमध्ये पायोनियर डीजेचा डीडीजे-एफएलएक्स४ घेतला (हा डीजे कंट्रोलर आहे, म्हणजे लॅपटॉपवरची गाणी चाकं-बटणांनी एकमेकांत मिसळायचं यंत्र), आता डिसेंबर चाललाय, म्हणजे मधे गणपती झाले, नवरात्र झालं, शरद पौर्णिमा झाली, दोन हळदी आणि एक बारसं झालं, आता लिहायला हरकत नाही. नवीन वस्तू आठवडाभर वापरून लिहिलेलं वाचून मी स्वतः गोंधळले होते म्हणून इतके दिवस थांबले.

आधी सांगते घेतला का. माहेर बडोद्याच्या दांडिया बाजारात, सासर तिथल्याच अकोट्यात, दोन्हीकडे गाणी लावायचं काम लहानपणापासून माझ्याकडे. सोसायटीच्या गरब्याला इतकी वर्षं मोबाईल आणि ऑक्स केबल, बस. पण ज्यांनी गरबा खेळलाय त्यांना माहितीये, एक गाणं संपून दुसरं लागेपर्यंत दोन-तीन सेकंद शांतता पडली की गोल तुटतो, कुणी पाणी प्यायला जातं, कुणी ओढणी नीट करत बाहेर पडतं, आणि परत पन्नास बायका एका लयीत यायला पाच मिनिटं जातात. मला फक्त ती शांतता नको होती. स्क्रॅचिंग, म्हणजे चाक मागे-पुढे घासून आवाज काढणं, वगैरे करायचं नव्हतं, अजूनही नाही.

निवडताना तीन नावं समोर होती. हर्क्युलिसचा इनपल्स ३००, त्यात दोन गाण्यांची लय जुळवायला बाण दाखवणारे लाइट आहेत, कान तयार नसेल तर ते खरंच कामाचं आहे. न्यूमार्कचा मिक्सट्रॅक प्रो एफएक्स, त्याचे जॉगव्हील (गाणं पुढे-मागे करायची चाकं) मोठे, ६ इंची, हाताला छान लागतात. आणि हा एफएलएक्स४. मी हा घेतला कारण याची बटणांची मांडणी क्लबमधल्या मोठ्या सेटअपशी जुळते आणि याच्यासोबत रेकॉर्डबॉक्स या डीजे सॉफ्टवेअरचा परफॉर्मन्स मोड (ज्यात प्रत्यक्ष गाणी मिसळतात) फुकट चालू होतो, वेगळं सबस्क्रिप्शन लागत नाही, आणि नको असेल तर सेराटो डीजे लाइट या दुसऱ्या सॉफ्टवेअरवरपण चालतो. वजन २.१ किलो, लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालतो, वेगळा अडॅप्टर नाही. स्कूटरवर पुढे ठेवून दांडिया बाजारला नेता येतो हा माझ्यासाठी मोठा मुद्दा होता.

काय नाही तेही आधीच माहीत असू द्या. पेनड्राइव्ह लावून एकटा चालत नाही, लॅपटॉप नाहीतर मोबाईल-टॅब हवाच. मागे स्पीकरसाठी फक्त आरसीए आउटपुट (लाल-पांढऱ्या पिनांचं) आहे, एक्सएलआर (तीन पिनांचं, मोठ्या स्पीकरना लागतं ते) नाही. हेडफोनची पिन ३.५ एमएमची, माईकची मोठी ६.३ एमएमची, आणि कंडेन्सर माईकला लागणारी फँटम पॉवर नाही, साधा डायनॅमिक माईक लावायचा. हे दोष म्हणून सांगत नाहीये, या वर्गातल्या बहुतेक मशीनचं थोड्याफार फरकाने असंच असतं, पण घरी आणल्यावर कळलं की धावपळ होते.

आता खरं बोलायचं ते अडचणींबद्दल, कारण नऊ महिन्यांत जितक्या वेळा आवाज बिघडला त्यात एकदाही कंट्रोलरची चूक निघाली नाही. प्रत्येक वेळी गडबड त्याच्या अलीकडे लॅपटॉपमध्ये नाहीतर पलीकडे वायरमध्ये. म्हणून आता कुणी विचारलं की कुठला कंट्रोलर घेऊ, तर मी आधी विचारते लॅपटॉप कुठला आहे आणि स्पीकर किती लांब आहेत.

पहिली अडचण गणपतीत. माहेरच्या वाड्यात चौकात स्पीकर, मी ओटीवर, मधे १० मीटरची आरसीए केबल, दीडशे रुपयांची. सगळं लावलं आणि स्पीकरमधून घूं घूं घूं असा एकसारखा आवाज, गाणं बंद केलं तरी चालूच. काका म्हणाले अगं स्पीकर गेला. मी आवाज कमी केला, केबल हलवली, काही नाही. शेवटी कुणाचा तरी पाय लागून लॅपटॉपचा चार्जर निघाला आणि चौक एकदम शांत. चार्जर परत लावला, घूं सुरू. काढला, बंद. असं चार-पाच वेळा करून बघितलं तेव्हा खात्री पटली.

याला ग्राउंड लूप म्हणतात. लॅपटॉपचा चार्जर तीन पिनचा, अँप्लिफायरही तीन पिनचा, दोघं वेगवेगळ्या बोर्डात, म्हणजे अर्थिंगचे दोन रस्ते झाले आणि आरसीएच्या वायरीने ते एकमेकांना जोडले गेले, मग आपल्या लाइटची ५० हर्ट्झची घरघर त्या चक्रातून स्पीकरमध्ये येते. उपाय क्रमाने करायचे. आधी लॅपटॉप, मिक्सर, अँप्लिफायर सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, अर्ध्या वेळा तेवढ्यानेच जातं. नाही गेलं तर आरसीएच्या मधे ग्राउंड लूप आयसोलेटर लावा, छोटी डबी असते, आत ट्रान्सफॉर्मर, किंवा तेच काम करणारा डीआय बॉक्स वापरा. आणि एक हात जोडून विनंती, काही लोक अर्थची पिन तोडून टाका म्हणून सांगतात, ते अजिबात करू नका. घरघर जाईल पण ती पिन शॉक लागू नये म्हणून असते, पावसाळ्यात ओल्या जमिनीवर उभं राहून आपण हे चालवतो, शेजारी पोरं खेळत असतात.

आणि लांब आरसीए तर मुळातच नको. तो सिग्नल अनबॅलन्स्ड असतो, म्हणजे वाटेत शिरलेली घरघर कापायची सोय त्यात नसते, वायर जितकी लांब तितका कचरा गोळा करतो. आता मी कंट्रोलरमधून दीड मीटरची आरसीए शेजारी ठेवलेल्या छोट्या मिक्सरमध्ये देते आणि मिक्सरमधून पुढे लांब एक्सएलआर, ती बॅलन्स्ड असते म्हणून ३० मीटर नेली तरी आवाज स्वच्छ. एकच स्पीकर असेल तर मिक्सरवर डावा-उजवा दोन्ही चॅनल मधोमध ठेवायचे, नाहीतर ज्या गाण्यात ढोलक एका बाजूला आणि मंजिरे दुसऱ्या बाजूला आहेत त्यातलं एक गायबच होतं.

दुसरी अडचण नवरात्रात तिसऱ्या रात्री. मधेच आवाज तडतडायला लागला, तेल तापल्यावर मोहरी उडते तसा, आणि दहा वाजायच्या सुमारास दोन सेकंद पूर्ण बंद. गोलातून पोरं ओरडली, दीदी, आवाज गयो! मी घाबरून कंट्रोलरची केबल काढून परत लावली, लागलं, पण रात्रभर हात थरथरत होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसमधून आल्यावर शांतपणे बसले. तीन गोष्टी निघाल्या. एक, कंट्रोलर मी यूएसबी हबमध्ये लावला होता, त्याच हबवर माउस आणि हार्डडिस्क, बिचाऱ्याला करंट पुरणार कसा. आता तो सरळ लॅपटॉपच्या पोर्टमध्ये, बाकी काय ते दुसरीकडे. दोन, बफर साइज, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचे किती नमुने तयार करून पुढे पाठवतो तो आकडा. मी कुठेतरी वाचून अगदी कमी, ६४ केली होती की बटण दाबलं की लगेच वाजावं. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला इतके नमुने) ६४ म्हणजे दीड मिलिसेकंद, माझा आठ जीबीचा जुना लॅपटॉप तेवढ्या वेळात काम उरकू शकत नव्हता म्हणून तडतड. ५१२ केली, म्हणजे साधारण ११.६ मिलिसेकंद, हाताला फरक जाणवतसुद्धा नाही आणि तडतड गेली. स्क्रॅच करणाऱ्यांना कमी लागेल, गाणी जोडणाऱ्याला ५१२ भरपूर. तीन, वायफाय. लेटन्सीमॉन म्हणून एक फुकट प्रोग्राम आहे, तो दाखवतो की विंडोजमधला कुठला ड्रायव्हर मधे मधे प्रोसेसर अडवून धरतो, माझ्याकडे वायफायचा निघाला. आता कार्यक्रमाला वायफाय आणि ब्लूटूथ बंद, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला पोर्ट झोपवणारी सोय) बंद, चार्जर लावलेला. त्यानंतर उरलेल्या नवरात्रात एकदाही तडतडलं नाही. हो, याचा अर्थ गाणी ऑनलाइन वाजवायची नाहीत, सगळी लॅपटॉपवर आधीच हवीत, आणि शक्यतो ३२० केबीपीएसची. १२८ ची फाइल मोबाईलवर चालून जाते, मोठ्या स्पीकरवर मंजिऱ्या पत्र्यासारख्या वाजतात.

आता गरब्यातली खास अडचण, जी मला कुठे लिहिलेली सापडली नाही आणि मे महिन्याच्या कितीतरी रात्री त्यात गेल्या. ही सगळी सॉफ्टवेअरं चार-चार ठोक्यांचं संगीत धरून चालतात. गाणं टाकलं की ती त्याचं बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठोके ते, काढतात आणि वर उभ्या रेघा आखतात, तिला बीटग्रिड म्हणतात, लूप (तोच तुकडा परत परत वाजवणं) आणि सिंक (दोन गाण्यांची लय आपोआप जुळवणं) दोन्ही त्या रेघांवर चालतं. कहरव्यातली गाणी, आठ मात्रांची, त्यात काही प्रश्न नाही. पण हिंच, हा गरब्यातला ठेका, म्हणजे सहा मात्रा, दोन जोरकस ठोके, पहिल्यावर आणि चौथ्यावर, आणि टाळी आणि पाय त्या दोन ठोक्यांवर पडतात. सॉफ्टवेअर बऱ्याचदा तीन-तीन मात्रांऐवजी दोन-दोन मात्रांवर रेघ मारतं. म्हणजे गाणं खरं ९६ चं, ते दाखवतं १४४. दुप्पट-अर्ध्याची बटणं असतात ती दाबली तर ७२ नाहीतर २८८, ९६ कधीच येत नाही, कारण चूक दीडपटीची आहे.

त्याचा परिणाम असा. चार ठोक्यांचा लूप लावला की १४४ च्या ग्रिडवर तो आठ मात्रांचा होतो, हिंच सहाचा, म्हणजे दोन मात्रा जास्त, प्रत्येक फेरीला पाय चुकणार. तेच ग्रिड ९६ वर नीट बसवलं की चार ठोके म्हणजे बारा मात्रा, हिंचचे बरोबर दोन आवर्तन, लूप कितीही वेळ फिरू दे, कुणाला कळत नाही कुठे जोडलाय. मी काय करते, गाणं लावून टाळी वाजवते तशी टॅप बटणावर बोट मारते, फक्त जोरकस ठोक्यांवर, १५-२० वेळा, मग पहिली रेघ समेवर सरकवते आणि गाण्याच्या शेवटी जाऊन बघते की रेघ अजून ठोक्यावर आहे का. नसेल तर ते गाणं हाताने वाजवलेलं, लय हळूहळू चढत गेलेली, त्याला अ‍ॅनॅलिसिस डायनॅमिक मोडवर करायचं, तरी थोडं हाताने सरकवावं लागतंच. एका गाण्याला दहा मिनिटं धरा. नऊ रात्रींसाठी मी १४० गाणी अशी बसवली, उन्हाळ्यात सुरू करून श्रावणापर्यंत. दुसऱ्या कुठल्याही गोष्टीपेक्षा या कामाने आमचा गरबा सुधारला असं मला मनापासून वाटतं. पहिल्या रात्री पंचेचाळीस मिनिटं गोल एकदाही तुटला नाही, समोरच्या विंगमधल्या पटेल काकी, ज्या दरवर्षी पंधरा मिनिटांत खुर्चीत बसतात, त्या तीन ताळीत (तीन टाळ्यांच्या गरब्यात) शेवटपर्यंत होत्या.

सोबत मास्टर टेम्पो चालू ठेवा, म्हणजे लय वाढवली तरी गाणाऱ्या बाईंचा स्वर वर चढत नाही. आणि टेम्पो स्लायडरची रेंज ६ टक्क्यांवर ठेवली तर बोटाने बारीक बदल जमतो, मोठ्या रेंजवर केसभर सरकलं तरी उडी मारतो.

हेडफोनवर पैसे वाचवू नका. मी सुरुवातीला मोबाईलचे इअरफोन लावले, गरब्याच्या आवाजात पुढचं गाणं ऐकूच येत नव्हतं, अंदाजाने सोडायचे आणि चुकायचं. कान पूर्ण झाकणारे, बंद पाठीचे हेडफोन घेतले आणि त्या दिवसापासून मिक्सिंग जमायला लागलं.

लाल दिव्याबद्दल. नवीन माणूस आवाज कमी वाटला की ट्रिम आणि फेडर (आवाज कमी-जास्त करायची बटणं-पट्ट्या) वर चढवतो, मीटर लालमध्ये जातो, आवाज मोठा होत नाही, फाटतो. कंट्रोलर हिरव्या-पिवळ्यात ठेवा आणि मोठा करायचा तो अँप्लिफायरवर. रात्री आरतीला बायका माईक घेऊन स्पीकरसमोर उभ्या राहतात आणि शिट्टी वाजते, त्याला मशीन काही करणार नाही, माईकवाल्यांना स्पीकरच्या मागे उभं करा.

धुळीसाठी सुती कापड टाकून ठेवते, पावसाळ्यात बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या. मेच्या उन्हात बंद खोलीत लॅपटॉप तापून मंदावतो, खाली दोन पुस्तकं ठेवून हवा जाऊ द्यायची. जॉगव्हील, फेडर सगळं अजून पहिल्यासारखं आहे, क्यूचं एक बटण थोडं घट्ट वाटतं पण चालतं. आवाजाच्या वेळेचंही बघा, नियमाने रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, सणाच्या ठरावीक दिवसांना सरकार १२ पर्यंत सूट देतं, आमच्याकडे शेवटचं गाणं आधीच हॉट क्यूवर (दाबलं की ठरलेल्या जागेपासून वाजतं त्या बटणावर) लावून ठेवलेलं असतं म्हणजे घाईत शोधावं लागत नाही.

एक गोष्ट अजून शिकतेय. शरद पौर्णिमेला गच्चीवर दूध-पोह्यांच्या आधी शेजारचा एक मुलगा ढोल घेऊन आला आणि माझ्या गाण्यांवर वाजवायला लागला. ढोलवाला रंगात आला की लय वाढवतो, सॉफ्टवेअर काही त्याचं ऐकत नाही. मी सिंक बंद केलं, स्क्रीन झाकली आणि त्याच्या हाताकडे बघत अंगठ्याने टेम्पो स्लायडर ढकलत राहिले, ९६ वरून सुरू केलं होतं, संपलं तेव्हा १०१ च्या वर होतं.