बिटकॉइन नोडचे कंटेनर जोडताना: होस्ट नेटवर्क की स्वतंत्र ब्रिज?

एका कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम वेगळा ठेवून चालवणाऱ्या डब्यात) बिटकॉइन कोअर, म्हणजे बिटकॉइन नोडचं मुख्य सॉफ्टवेअर; दुसऱ्यात लाइटनिंग नोड, म्हणजे बिटकॉइनवरच्या झटपट व्यवहारांच्या नेटवर्कचा नोड. दोघांची गाठ घालून देण्याचे डॉकरमध्ये (कंटेनर चालवणाऱ्या साधनात) दोन सरळ मार्ग आहेत.

होस्ट नेटवर्क सोपं. लिनक्सवर सगळे कंटेनर यजमान मशीनचंच नेटवर्क वापरतात, त्यामुळे १२७.०.०.१:८३३२ वर (१२७.०.०.१ म्हणजे मशीनचा स्वतःसाठीचा पत्ता) आरपीसी, म्हणजे कोअरला आज्ञा देण्याचं दार, लगेच सापडतं. पण मशीनवरच्या इतर प्रोग्रॅमनाही ते तितकंच सहज सापडतं, आणि दुसरा नोड चालवायचा झाला की इतर नोडशी बोलण्याच्या ८३३३ पोर्टवरून भांडण ठरलेलं.

स्वतंत्र ब्रिज नेटवर्कला, म्हणजे फक्त कंटेनरांसाठीच्या वेगळ्या अंतर्गत नेटवर्कला, सुरुवातीची मेहनत जास्त. इथे १२७.०.०.१ म्हणजे तो कंटेनर स्वतःच, म्हणून लाइटनिंग नोडला पत्ता म्हणून कोअरच्या सर्व्हिसचं (डॉकरमध्ये त्या कंटेनरला दिलेलं) नाव द्यायचं. डॉकरचं अंतर्गत डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) ते ओळखतं. कोअरच्या सेटिंगमध्ये आरपीसीबाइंड (आरपीसी कोणत्या पत्त्यावर ऐकेल ते) बदलायचं, सोबत आरपीसीअलाउआयपीमध्ये (कोणाला परवानगी ते) त्या नेटवर्कचा सबनेट, म्हणजे पत्त्यांचा गट, लिहायचा. दुसरं नसेल तर कोअर पहिल्याकडे दुर्लक्ष करतं. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. झेडएमक्यूचा, म्हणजे कोअरकडून नव्या ब्लॉकच्या सूचना पोचवणाऱ्या यंत्रणेचा, पत्ताही बदलायला विसरू नका. तो १२७.०.०.१ वरच राहिला, तर झेडएमक्यू जोडणी होईपर्यंत मुकाट प्रयत्न करत राहतं आणि नव्या ब्लॉकची सूचना पोचत नाही.

तरीही जिथे खरे पैसे आहेत तिथे मी ब्रिजच निवडेन. ८३३२ पोर्ट मात्र बाहेर प्रकाशित करू नका: डॉकरने उघडलेले पोर्ट यूएफडब्ल्यू या लिनक्सच्या फायरवॉलच्या नियमांना वळसा घालून जातात. होस्ट नेटवर्क रेगटेस्टवरच्या, म्हणजे खोट्या नाण्यांच्या खासगी चाचणी-साखळीवरच्या, प्रयोगांना पुरेसं आहे.