पॅनेलवर बसावं की मेंटर व्हावं?

गेल्या गणपतीत लंडनमधल्या डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात प्रसादाच्या रांगेत दोघांनी मला एकच प्रश्न विचारला. मुलं हाताशी आली, संध्याकाळचा थोडा वेळ मोकळा मिळतो, आणि बातम्यांतला चाकू आता शाळेजवळच्या बसस्टॉपवर आलाय. तर आपल्यासारख्यानं करायचं काय? रांगेतल्या एका काकांकडे उत्तर तयार होतं : "एकदा तुरुंग दाखवून आणा, सुतासारखी सरळ होतील." काकांचा हेतू चांगला, पण अशा घाबरवणाऱ्या सहलींनी मुलं सुधारण्याऐवजी जास्त बिघडतात, हे अमेरिकेतल्या प्रयोगांत केव्हाच दिसून आलंय. मुलांमधला हिंसाचार कशानं कमी होतो हे तपासणारा इथला यूथ एन्डाउमेंट फंडही त्यांना अपायकारकच मानतो. तेवढ्यात मोदक हातात पडला आणि माझं उत्तर अर्धंच राहिलं. ते इथे पुरं करतो.

माझ्यापुढे दोन पर्याय होते. यूथ कोर्टानं (मुलांच्या न्यायालयानं) रेफरल ऑर्डर, म्हणजे पॅनेलपुढे जाऊन करार पाळण्याची शिक्षा, दिलेल्या मुलांच्या पॅनेलवर बसणं, किंवा एका मुलाचा मेंटर, म्हणजे त्याला नियमित भेटणारा मोठा माणूस, होणं. पहिलं तीन वर्षं केलं, दुसरं चार वर्षं करतोय. डीबीएस (गुन्हेगारी नोंदींची) तपासणी आणि प्रशिक्षण दोन्हीकडे आहे, त्यात शिरत नाही. आणि हे सगळं इंग्लंड-वेल्सपुरतं. स्कॉटलंडात १९७१ पासून चिल्ड्रन्स हिअरिंगची निराळी पद्धत आहे, तिचा मला अनुभव नाही.

पॅनेलची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे. १० ते १७ वयाचं मूल पहिल्यांदाच कोर्टापुढे आलं आणि त्यानं गुन्हा कबूल केला, की बहुतेक वेळा हीच ऑर्डर मिळते, ३ ते १२ महिन्यांची. टेबलाभोवती आपल्यासारखे दोन सामान्य लोक आणि यूथ जस्टिस या स्थानिक सेवेचा एक कर्मचारी. मुलाशी बोलून करार ठरवायचा : भरपाई कशी करणार, कोणाला भेटणार, शाळेचं काय. ऑर्डर नीट पार पडली की ती शिक्षा कायद्याच्या भाषेत 'स्पेंट' होते, म्हणजे पुढे बहुतेक नोकऱ्यांत ती सांगावी लागत नाही. सोळाच्या पोराला याची किंमत कळत नाही, त्याच्या आईला कळते. कधीकधी ज्याचं नुकसान झालं तो माणूसही येऊन बसतो. एकदा एक दुकानदार आले होते. ते ओरडले नाहीत. त्या दिवसापासून दुकान संध्याकाळी सातलाच बंद करतो, एवढंच म्हणाले. समोरच्या पोरानं तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. अशी संध्याकाळ मेंटरला मिळत नाही, हे मान्य करायला हवं.

मग मी पॅनेल सोडलं का? एका बसमुळे.

लंडनमधल्या कित्येक पोरांना पोस्टकोड म्हणजे सरहद्द असते. आपण ज्या रस्त्यानं भाजी आणायला जातो, त्या रस्त्यावर एखादा पंधरा वर्षांचा मुलगा पाऊल टाकणार नाही, कारण तिथली टोळकी त्याला चेहऱ्यानं ओळखतात. तो स्वतः कुठल्या टोळीत असायलाच हवा असं नाही. अमुक शाळेचा गणवेश पुरतो, टोळीतला चुलतभाऊ पुरतो. आणि याच भीतीनं तो चाकू बाळगतो. पॅनेलवर मी "का बाळगलास?" हे जितक्यांदा विचारलं, तितक्यांदा उत्तर फिरून फिरून तिथेच आलं.

हे पॅनेल ग्रंथालयात, कम्युनिटी सेंटरात, मुलाला आपल्या वाटतील अशा जागी भरावं ही मूळ कल्पना. आमच्याकडे (बरोचं, म्हणजे आमच्या स्थानिक पालिकेचं, नाव लिहीत नाही) ते एका ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर भरे, कारण खोली फुकट होती. चाकू बाळगताना पकडलेला एक मुलगा आमच्यासमोर यायचा होता. पहिल्या वेळी आला नाही. पत्र गेलं. दुसऱ्या वेळीही आला नाही. कागदावर 'सहकार्य नाही' असा शेरा पडला. असे शेरे साठले की प्रकरण कोर्टात परत जातं. तिसऱ्या वेळी आई एकटीच आली, तीही कामाच्या गणवेशात, आणि तिनं सांगितलं की घरापासून इथे येणारी एकच बस आहे, ती अमुक वसाहतीवरून जाते, आणि त्याच बसच्या वरच्या मजल्यावर त्याला महिन्यापूर्वी घेरलं होतं. म्हणजे चाकू का बाळगलास हे विचारायला आम्ही त्याला अशा वाटेनं बोलावत होतो, की चाकू घ्यावासाच वाटावा.

मी जागा बदलायची विनंती केली. सगळे सज्जन होते, कुणी नाही म्हणालं नाही. ग्रंथालयाचं आरक्षण, विमा, संध्याकाळी चावी कोणाकडे राहणार, असं करत करत तीन महिने गेले. शेवटी त्याची आई त्याला शेजाऱ्याच्या गाडीतून घेऊन आली. करार झाला, पुढची आढावा बैठक पुन्हा त्याच दुसऱ्या मजल्यावर. सगळीकडे असंच असेल असं नाही. तुमच्या बरोत जागा चांगली असेलही. पण माझं मन तिथून उठलं ते उठलंच.

मेंटरकडे फुशारकी मारण्यासारखं काही नसतं. दर गुरुवारी शाळा सुटल्यावर एक तास, चिकन शॉपमध्ये, त्याच्या बाजूच्या रस्त्यावर. मीच बस बदलून जातो, एवढाच काय तो फरक. (२०१९ मध्ये होम ऑफिसनं (इथल्या गृहखात्यानं) चिकनच्या खोक्यांवर चाकूविरोधी संदेश छापून वाटले होते आणि भरपूर टीका झेलली. पोरं कुठे बसतात हे त्यांना कळलं होतं. मग तिथे माणूस पाठवायचा सोडून खोकं पाठवलं.) पोरगा येत नाही तेव्हा मी गार चिप्ससमोर चाळीस मिनिटं बसतो, आणि नंतर 'सॉरी' असा एकच शब्द फोनवर येतो. पहिल्या वर्षी असं निदान दहा वेळा झालं असेल. शिवाय त्यानं चाकूबद्दल काही सांगितलं तर मला ते संस्थेला कळवावं लागतं. हे त्यालाही पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं, त्यामुळे आमच्या गप्पा बऱ्याचदा फुटबॉलच्या पुढे सरकत नाहीत. आणि दोन महिन्यांत सोडणार असाल तर सुरूच करू नका. सोडून जाणाऱ्या मोठ्या माणसांची त्यांच्याकडे वानवा नाही.

ग्लासगोत पोलिसांनी २००५ मध्ये हिंसा कमी करण्यासाठी व्हायोलन्स रिडक्शन युनिट काढलं, आणि २००८ पासून टोळ्यांतल्या पोरांना शेरिफ कोर्टात (तिथल्या स्थानिक न्यायालयात) बोलावून पोलीस, डॉक्टर, मुलगा गमावलेली आई यांचं ऐकवलं. ते दृश्य सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण जाताना पोरांच्या हातात एक फोन नंबर दिला जाई, आणि मला त्यातलं तेवढंच उचलावंसं वाटतं. बोलावून ऐकवणं हे पॅनेलही करतं. नंतर फोन उचलायला मात्र कोणीतरी लागतं.

तुमची नोकरी शिफ्टची असेल, महिन्यातून एखादीच संध्याकाळ निघत असेल, कागद वाचून नेमका प्रश्न विचारायची सवय असेल, तर पॅनेलच घ्या. वकील आणि शिक्षक तिथे फार उपयोगी पडतात. एक गुरुवार वर्षभर राखून ठेवता येत असेल तर मी मेंटरिंगकडे झुकेन. दोन्हीकडे चौकशीला जाल तेव्हा समन्वयकाला एवढं विचारा : मुलं इथे कुठल्या बसनं येतात? जो फाईल न उघडता सांगेल, त्याच्याकडे नाव नोंदवा.