ऑर्कासाठी आवाज: ईस्पीक एनजी की फेस्टिवल?

दारव्ह्याकडच्या खेड्यातल्या एका अंध भाच्यानं विचारलं, जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स टाकलं, आता ऑर्काला, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला, आवाज कोणता देऊ?

मजकुराचा आवाज करणारे दोन प्रोग्राम समोर आहेत, ईस्पीक एनजी आणि फेस्टिवल. पैसे दोन्हींना लागत नाहीत. नेटही लागत नाही. गावात टॉवर गेला तरी वाचन सुरूच.

खरा फरक चपळाईत आहे. ईस्पीक एनजी आवाज गणितानं घडवतो, म्हणून काही एमबींत मावतो, कळ दाबताच बोलतो आणि गती वाढवली तरी शब्द स्पष्ट राहतात. आवाज यांत्रिक आहे, सुरुवातीला कानाला टोचतो. पण मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही त्यातच मिळतात. फेस्टिवलचा मराठी आवाज माणसाच्या बोलण्याच्या रेकॉर्डिंगवरून बांधलेला. डेबियनमध्ये (लिनक्सचा एक प्रकार) तो वेगळा टाकून स्पीच डिस्पॅचरशी, म्हणजे ऑर्का आणि आवाज यांना जोडणाऱ्या प्रोग्रामशी, जुळवावा लागतो.

बाबू, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास आणि टायपिंग असेल तर ईस्पीकच घे. निवांत गोष्टी ऐकायच्या आणि जुळवाजुळव करायची तयारी असेल, तर फेस्टिवल.