बॅबिलॉन ५, डीप स्पेस नाइन, गॅलॅक्टिका, एक्सपान्स: पहिली कोणती लावायची?

अंतराळातल्या विज्ञानकथेच्या या चार इंग्रजी टीव्ही मालिका अर्ध्यावर सोडणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. बॅबिलॉन ५ सोडणारा म्हणतो, ग्राफिक्स फारच जुने. डीप स्पेस नाइन सोडणारा म्हणतो, काही घडतच नाही. एक्सपान्सवाला म्हणतो, कोण कुठला तेच कळेना. आणि बॅटलस्टार गॅलॅक्टिका पूर्ण पाहिलेला माणूससुद्धा शेवटावर चिडलेला असतो. चारही तक्रारींत तथ्य आहे. पहिल्या तीन टाळता येतात, चौथी नाही. म्हणून ‘सगळ्यांत भारी कोणती’ यापेक्षा ‘ही कितव्या एपिसोडला पकड घेते आणि तोवर आपण टिकू का’ हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

आधी वेळेचा हिशेब. एक्सपान्स ६ सीझन, ६२ एपिसोड, म्हणजे सुमारे ४६ तास. गॅलॅक्टिका सुरुवातीची मिनीसिरीज आणि ४ सीझन धरून ५५ ते ६० तास. बॅबिलॉन ५ चे ५ सीझन, ११० एपिसोड, साधारण ८० तास. डीप स्पेस नाइन ७ सीझन, १७६ एपिसोड, जवळजवळ १३० तास. रोज एक एपिसोड पाहणाऱ्याची एक्सपान्स दोन महिन्यांत संपते, डीप स्पेस नाइनला सहा महिने लागतात.

बॅबिलॉन ५: आधी योग्य प्रत शोधा

१९९३ साली पायलट आला आणि १९९४ ते १९९८ मालिका चालली. जे. मायकल स्ट्रॅझिन्स्कीने पाच वर्षांची गोष्ट आधी आखली आणि ११० पैकी ९२ एपिसोड स्वतः लिहिले. कथा एका पाच मैल लांब अंतराळस्थानकावर घडते. पाच मोठ्या सत्तांचे प्रतिनिधी तिथे एकत्र राहतात आणि युद्ध टाळायचा प्रयत्न करतात. तो फसतो. कसा फसतो, हीच मालिका.

जुन्या ग्राफिक्सच्या तक्रारीमागे एक तांत्रिक भानगड आहे. माणसांची दृश्यं रुंद फ्रेममध्ये फिल्मवर घेतली, पण अंतराळातली दृश्यं कॉम्प्युटरवर ४:३ मापात, म्हणजे जुन्या चौकोनी टीव्हीच्या आकारात, तयार झाली. सुरुवातीला ती अमिगा या घरगुती कॉम्प्युटरवर आणि त्याच्या व्हिडिओ टोस्टर या जोडउपकरणावर बनत होती. पुढे डीव्हीडीसाठी रुंद चित्र काढताना ही दृश्यं वरून-खालून कापून ताणली गेली. त्यामुळे जहाज दिसलं की चित्र धूसर, आणि नट व ग्राफिक्स एकाच फ्रेममध्ये आले की आणखीच धूसर. २०२१ मध्ये आलेल्या रिमास्टरमध्ये फिल्म नव्याने स्कॅन करून सगळं मूळ ४:३ मापात ठेवलं आहे. ओळखायची खूण सोपी: पडद्याच्या डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या दिसल्या तर ती बरी प्रत. पूर्ण रुंद चित्र दिसलं तर जुनी. ग्राफिक्स १९९४ चेच राहतात, पण निदान फाटत नाहीत.

दुसरी अडचण पहिल्या सीझनची. तो अर्धा चाचपडतो. ‘इन्फेक्शन’ आणि ‘ग्रेल’ सोडले तरी चालतील. ‘अँड द स्काय फुल ऑफ स्टार्स’, ‘साइन्स अँड पोर्टेंट्स’, ‘बॅबिलॉन स्क्वेअर्ड’ आणि ‘क्रिसॅलिस’ मात्र सोडायचे नाहीत, कारण तिथे पेरलेलं तिसऱ्या-चौथ्या सीझनमध्ये उगवतं. दुसऱ्या सीझनला कमांडर सिंक्लेअर जाऊन शेरिडन येतो. नव्या प्रेक्षकाला वाटतं मालिका रुळावरून घसरली. प्रत्यक्षात तिथूनच ती वेग घेते, आणि त्या सीझनच्या नवव्या एपिसोडपर्यंत, ‘द कमिंग ऑफ शॅडोज’पर्यंत थांबलेला सहसा परत फिरत नाही. तिथेही मन रमलं नाही तर खुशाल सोडा, पुढे काही वेगळं रसायन येणार नाही.

या मालिकेची खरी ताकद लंडो आणि जकार या दोन राजदूतांत आहे. सुरुवातीला एक दारुडा विदूषक, दुसरा तापट खलनायक. तिसऱ्या सीझनच्या दुसऱ्याच एपिसोडमध्ये दोघं आगीत अडकलेल्या लिफ्टमध्ये सापडतात. लंडो सुटकेसाठी धडपडतो आणि जकार निवांत हसत बसतो: तुला मारलं तर माझ्या लोकांना शिक्षा होईल, पण तू आपोआप मरताना बघायला माझी हरकत नाही. मेकअपच्या थराखालून पीटर जुरासिक आणि अँड्रियास कात्सुलास यांनी जे केलंय, ते पाहताना ग्राफिक्सचा विषय डोक्यातून जातो.

चौथा सीझन शेवटाकडे धावतो. पाचवा मिळेल याची खात्री नसल्यामुळे गोष्ट तिथेच आवरती घेतली, मग पाचवा मिळाला आणि त्याचा पूर्वार्ध सैल पडला. हे माहीत असलं की राग कमी येतो. आणि ‘इन द बिगिनिंग’ या टीव्ही चित्रपटाच्या नावाला फसू नका. तो आधी पाहिला तर पहिल्या दोन सीझनची सगळी रहस्यं फुटतात. चौथा सीझन संपल्यावर पाहा.

डीप स्पेस नाइन: शेहेचाळीसातले बारा

स्टार ट्रेकमधली ही एकमेव जुनी मालिका जिच्यात जहाज फिरत नाही, स्थानक एका जागी असतं आणि भानगडी दारात येतात. १९९३ ते १९९९. बजोर ग्रहावरची कार्डेशियनांची सत्ता नुकतीच उठली आहे, त्यांनीच बांधलेलं स्थानक आता कमांडर सिस्कोकडे आलंय. युद्धानंतरची कटुता, जुने हिशेब, धर्म आणि राजकारण, असं बरंच काही एका छताखाली.

पायलट पाहण्याआधी ‘नेक्स्ट जनरेशन’ या स्टार ट्रेकच्याच आधीच्या मालिकेतला ‘द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स’ दोन्ही भागांत पाहून घ्या. सिस्कोची पत्नी ज्या लढाईत जाते ती तिथली आहे, आणि पायलटमध्ये तो त्या मालिकेतल्या कॅप्टन पिकार्डशी तुटक का बोलतो ते त्याशिवाय पोचत नाही. बाकी स्टार ट्रेक पाहिलेलं नसलं तरी चालतं.

पहिल्या दोन सीझनचे मिळून ४६ एपिसोड होतात आणि इथेच लोक गळतात. पहिल्यातले ‘एमिसरी’, ‘पास्ट प्रोलॉग’, ‘ड्युएट’, ‘इन द हँड्स ऑफ द प्रॉफेट्स’. दुसऱ्यातले सुरुवातीचे तीन, मग ‘नेसेसरी ईव्हल’, ‘द माकी’चे दोन भाग, ‘द वायर’ आणि ‘द जेम’हडार’. एवढ्या बारांवर तिसऱ्या सीझनला जाता येतं. तिथून पुढे जवळपास सगळं पाहा. सहाव्यातला ‘प्रॉफिट अँड लेस’ वगळा, त्याचं समर्थन कट्टर चाहतेही करत नाहीत.

‘ड्युएट’चं उदाहरण घ्या. सीझनच्या शेवटी पैसे संपत आले होते, म्हणून नवे सेट नाहीत, लढाई नाही. एक कोठडी, आत एक कार्डेशियन, बाहेर स्थानकावरची बजोरी अधिकारी मेजर किरा. तो छळछावणीचा क्रूर अधिकारी आहे की तिथला साधा कारकून, एवढाच प्रश्न. पंचेचाळीस मिनिटं दोन माणसं बोलतात. हा एपिसोड कंटाळवाणा वाटला तर ही मालिका तुमच्यासाठी नाही, आणि हे पहिल्याच सीझनमध्ये कळतं हा फायदा.

‘इन द पेल मूनलाइट’ची शिफारस सगळीकडे दिसेल. तो सहाव्या सीझनचा एपिसोड आधी काढून पाहू नका. सिस्को किती सरळ माणूस आहे हे पाच सीझन पाहिल्याशिवाय त्याने तिथे केलेल्या तडजोडीला वजन येत नाही.

चित्राच्या बाबतीत मात्र हिची अवस्था चौघींत सर्वांत वाईट. चित्रण फिल्मवर झालं, पण संकलन आणि ग्राफिक्स व्हिडिओ टेपवर. एचडी करायची तर सगळं मूळ फिल्मवरून पुन्हा जोडावं लागेल. तो खर्च ‘नेक्स्ट जनरेशन’साठी केला गेला, हिच्यासाठी नाही. मोठ्या टीव्हीपेक्षा लॅपटॉपवर ही जास्त बरी दिसते.

गॅलॅक्टिका: सुरुवात चुकवू नका, शेवटाची आशा धरू नका

पाहायची ती २००३ ची नवी, १९७८ ची नव्हे. डिसेंबर २००३ मध्ये दोन भागांची, तीन तासांची मिनीसिरीज आली. अनेक ठिकाणी ती वेगळ्या नावाखाली ठेवलेली असते. त्यामुळे ‘सीझन १, एपिसोड १’ दाबणारा थेट मधेच पडतो. मिनीसिरीज आधी, हे ठाम.

हिला पकड घ्यायला वेळ लागत नाही. मालिकेचा पहिला एपिसोड ‘३३’ सुरू होतो तेव्हा सायलॉन (माणसांनीच बनवलेले, माणसांवर उलटलेले यंत्रमानव) दर ३३ मिनिटांनी हल्ला करताहेत, वाचलेल्या माणसांचा जहाजांचा ताफा दर वेळी क्षणात दूरच्या जागी उडी मारून निसटतोय, आणि हे १३० तास, २३७ वेळा झालंय. कोणी झोपलेलं नाही. अध्यक्षांच्या मागे एका पांढऱ्या फळ्यावर वाचलेल्या माणसांचा आकडा लिहिलेला: ५०,२९८. तो आकडा पुसून कमी करत राहणं हे या मालिकेचं व्याकरण आहे. गॅलॅक्टिका हे जुनं जहाज वाचलं ते तिथले संगणक एकमेकांना जोडलेले नव्हते म्हणून. फोनसुद्धा वायरचे.

शीर्षकगीताकडे कान द्या. त्यातले शब्द गायत्री मंत्राचे आहेत. उच्चार ऐकून आजी नाक मुरडतील, पण मंत्र तोच.

निर्माता रोनाल्ड मूर याआधी डीप स्पेस नाइनच्या लेखकांत होता. तिथे जमलं नाही ते इथे केलं: टंचाई, निवडणुका, छळ, बंडखोरी. दुसऱ्या सीझनच्या शेवटापासून तिसऱ्याच्या चौथ्या एपिसोडपर्यंत टीव्हीवरची विज्ञानकथा क्वचितच इतकी धारदार झाली असेल. पण बॅबिलॉनच्या अगदी उलट, ही मालिका लिहिता लिहिता ठरत गेली. सुरुवातीच्या पाटीवर सायलॉनांकडे योजना आहे असं ठणकावून सांगतात, लेखकांकडे ती नव्हती. महत्त्वाच्या पाच सायलॉनांची नावं तिसऱ्या सीझनमध्ये ठरली. मग मागचे धागे जुळवताना देव, नियती असे जोड द्यावे लागले. कोडं सुटावं म्हणून पाहणाऱ्याने हिच्या नादी लागू नये. माणसं दबावाखाली कशी वागतात हे पाहायचं असेल तर हिच्या तोडीची दुसरी नाही.

जोडचित्रपटांचा क्रम: ‘रेझर’ तिसऱ्या सीझननंतर, ‘द प्लॅन’ सगळं संपल्यावर (किंवा कधीच नाही). एका बैठकीत दोनपेक्षा जास्त एपिसोड नकोत, विषय अंगावर येतो. चित्रातला दाणेदारपणा मुद्दाम ठेवलेला आहे. टीव्हीतलं नॉइज रिडक्शन आणि मोशन स्मूदिंग बंद करा, नाहीतर हातात धरलेल्या कॅमेऱ्याचा सगळा परिणाम दैनंदिन मालिकेसारखा गुळगुळीत होतो.

एक्सपान्स: चार एपिसोडची मुदत

२०१५ ते २०२२. तीन सीझननंतर सायफाय वाहिनीने २०१८ मध्ये बंद केली आणि अॅमेझॉनने उचलली. पहिल्या एपिसोडमध्ये तीन ठिकाणं, तीन गोष्टी आणि शंभर नावं एकदम येतात. एवढं लक्षात ठेवलं की पुरे: पृथ्वी श्रीमंत पण थकलेली, मंगळ लष्करी शिस्तीचा, आणि लघुग्रहांचा पट्टा दोघांसाठी राबणारा. सेरेस या मोठ्या लघुग्रहावर डिटेक्टिव्ह मिलर हरवलेली मुलगी शोधतोय, होल्डनचं बर्फवाहू जहाज संकटात सापडतं, आणि संयुक्त राष्ट्रांत साडी नेसलेली, शिवराळ अव्हासराला डाव खेळतेय. ही भूमिका इराणी वंशाच्या शोहरे अघदाश्लूने केली आहे. चौथ्या एपिसोडला, ‘सीक्यूबी’ला, तुकडे जुळू लागतात. पहिले चार दोन बैठकांत उरका, हातात फोन न घेता. सबटायटल चालू ठेवा. बेल्टरांची (पट्ट्यात राहणाऱ्यांची) बोली भाषातज्ज्ञाने बनवलेली आहे, प्रत्येक शब्द कळायची गरज नसते.

विज्ञान पारखून घेणाऱ्याने हीच निवडावी. इथे कृत्रिम गुरुत्वाकर्षणाचं बटण नाही. जहाजाचे मजले इमारतीसारखे एकावर एक, इंजिन तळाला; इंजिन चालू तोवरच पायाखाली जमीन. अर्ध्या प्रवासात जहाज उलटं फिरवून वेग कमी करायचा. सेरेस फिरवून वजन निर्माण केलंय, म्हणून मिलर दारू ओततो तेव्हा धार वाकडी पडते. त्या धारेबद्दल कोणी एक वाक्यही बोलत नाही. बॅबिलॉन ५ चं स्थानकही वजनासाठी फिरतं आणि तिथली लढाऊ विमानं मागे तोंड करून गोळीबार करत पुढे सरकतात. गॅलॅक्टिका लढाईपुरती काटेकोर. डीप स्पेस नाइनला या गोष्टींशी देणंघेणं नाही.

मालिका नऊ कादंबऱ्यांपैकी सहांवर थांबते. शेवटच्या सीझनमधला लकोनिया ग्रहाचा धागा लटकतच राहतो, तो सातव्या पुस्तकापासून, तीस वर्षांच्या उडीनंतर, पुढे जातो. मुख्य गोष्टीला मात्र नीट शेवट आहे.

मग कोणती?

या प्रकारात नवखे असाल किंवा वेळ कमी असेल तर एक्सपान्स. जेवताना घरच्यांबरोबर, दहा-बारा वर्षांची मुलं शेजारी असताना, डीप स्पेस नाइन; गॅलॅक्टिका आणि एक्सपान्स तेव्हा नकोत, दोन्हींत हिंसा आणि शय्यादृश्यं आहेत, एक्सपान्समध्ये शिव्याही. राजकीय थरार आवडत असेल आणि अंतराळाचं वावडं असेल, तर गॅलॅक्टिका. लांबलचक कादंबऱ्या चिकाटीने वाचणाऱ्याला बॅबिलॉन ५, आणि चारांतली एकच सुचवायची तर आमचं मत तिलाच.

बॅबिलॉन आणि डीप स्पेस नाइन मात्र पाठोपाठ लावू नका. दोन्हीकडे स्थानक, दोन्हीकडे कमांडर, दोन्हीकडे वाढत जाणारं युद्ध. स्ट्रॅझिन्स्कीने आपली कल्पना आधी स्टार ट्रेकवाल्या पॅरामाउंटलाच दाखवली होती, त्यामुळे कोणी कोणाचं उचललं हा वाद तेव्हापासूनचा आहे. एकामागोमाग एक पाहणारा तो वाद मनात घोळवत बसतो आणि दुसरीवर अन्याय होतो. मध्ये एक्सपान्स घाला.