माणदेशी महिला सहकारी बँक, म्हसवड (जि. सातारा): बाजारात चालत येणारी बँक

भाजीवालीला मजुरीचा खाडा करून शाखेत जावं लागत नाही. बँकेची प्रतिनिधी तिच्यापाशी येऊन बचत घेते. याच सेवेसाठी ही बँक मोलाची. परवान्याचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण अर्जावर बायकांचे अंगठे होते. बँकेच्या संस्थापक चेतना गाला सिन्हांसोबत या बायका अक्षरं गिरवून परत गेल्या आणि १९९७ मध्ये बँक उभी राहिली. केवढी जिद्द!

कुठल्याही बँकेत खातं उघडताना बायकांचं अडतं ते नावात: आधारवर सासरचं, पॅनवर माहेरचं. विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवा. पुढे केवायसी (ओळख-पत्त्याची पडताळणी) नव्याने करताना तपशील बदलले नसतील तर स्वघोषणापत्र पुरतं. रोजच्या भरण्याची पावती जागेवरच घ्या, पासबुकाशी ताळा करा. ठेव विमा, म्हणजे बँक बुडाली तर मिळणारी भरपाई, मात्र व्याज धरून ५ लाखांपर्यंतच.