कॅनव्हास ताणायची पक्कड: छापील चित्राला चालते का?

चालते, पण हात आवरून वापरली तरच. रुंद जबड्याखालचा उंचवटा फ्रेमच्या (कापड ज्यावर ताणतात त्या लाकडी चौकटीच्या) मागच्या कडेला टेकवून मनगट खाली दाबलं की कापड सरळ ओढलं जातं. बोटं सोलवटत नाहीत, हे खरं सुख.

गोम आहे ती किती जोर लावता यात. रंगवायच्या कोऱ्या कॅनव्हासला देतात तेवढा ताण छपाईला दिला, तर फ्रेमच्या धारेवर शाईचा थर तडकतो आणि बारीक पांढरी रेघ उमटते. ती मग झाकणं कठीण. थंड हवेत वरचा लेप कडक होतो, तेव्हा धोका जास्त.

आधी फ्रेमचे दोन्ही कर्ण मोजून सारखे आहेत ना बघा. मग चारही बाजूंच्या मधोमध एकेक पिन, आणि समोरासमोरच्या बाजू आलटूनपालटून घेत कोपऱ्यांकडे, दर ४-५ सेंमीला एक. एकच बाजू आधी संपवली की चित्र तिरकं बसतं. खिडक्या-इमारतींच्या फोटोत ते लगेच खुपतं. फ्रेमच्या जाडीपलीकडे ३ सेंमी तरी कापड हवं, नाहीतर जबड्याला धरायला काही उरत नाही.

कोपऱ्याच्या घडीला पक्कड निरुपयोगी. तिथे बोटंच.