जोड लावणारा पैलवान : खासबागचा हौदा आणि व्यावसायिक रिंग

कोल्हापूरच्या बहुतेक तालमींत असा एखादा पैलवान असतो, ज्याची स्वतःची ताकद बेताची असली तरी कोणाची कोणाशी जोड लावली तर मैदान रंगेल हे त्याला वस्तादांइतकेच अचूक कळते. वय सत्तावीस-अठ्ठावीसवर येते, महाराष्ट्र केसरीचे स्वप्न मागे पडते, पण कुस्ती सोडवत नाही. अशा वेळी त्याच्यापुढे दोन वाटा असतात. पहिली इथलीच आहे, गावोगावच्या मैदानांत कुस्त्या ठरवणाऱ्या जाणत्या मंडळींत सामील होण्याची. दुसरी लहानपणापासून टीव्हीवर पाहिलेल्या व्यावसायिक रेसलिंगची आहे, जिथे आधी रिंगमध्ये उतरायचे आणि पुढे लढती आखणारा, म्हणजे तिकडच्या भाषेत ‘बुकर’, व्हायचे. गादीवरच्या (ऑलिंपिक पद्धतीच्या) कुस्तीची तिसरी वाट मी येथे मुद्दाम बाजूला ठेवली आहे. राजाराम महाविद्यालयात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून ती वाट कोल्हापूरला परकी राहिलेली नाही. परंतु तिथे प्रतिस्पर्धी कोण हे वजनगट आणि चिठ्ठ्यांनी निघणारा ड्रॉ ठरवतो, त्यामुळे जोड लावणाऱ्याच्या नजरेला तिथे काम नाही.

पहिल्या दोन वाटांतला मुख्य फरक निकाल कोणाच्या हाती राहतो हा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी रोमचे कलोसियम पाहिल्यानंतर १९१२ मध्ये कोल्हापुरात खासबाग मैदान उभे केले. चहूबाजूंनी उतरत्या बैठका आणि मध्ये लाल मातीचा हौदा अशी त्याची रचना आहे, आणि कोठेही बसले तरी कुस्ती पूर्ण दिसते. या मैदानावर जोड लावणारा माणूस पैलवान ठरवतो, इनाम ठरवतो, एक नंबरची कुस्ती कोणती आणि दोन नंबरची कोणती हे ठरवतो. पण पंचांनी दोघांचे हात मिळवले की त्या क्षणापासून तो इतर प्रेक्षकांसारखाच एक प्रेक्षक होतो. महिनाभर हँडबिलांवर झळकलेली कुस्ती पहिल्याच मिनिटाला ढाक या डावावर चितपट होऊ शकते, किंवा अर्धा तास नुसती खडाखडी होऊन बरोबरीत सुटू शकते, आणि दोन्ही वेळा तो काही करू शकत नाही. रिंगमधल्या बुकरचे काम याच्या नेमके उलटे आहे. कोण जिंकणार, कसे जिंकणार, त्या पराभवातून पुढच्या महिन्याची कोणती लढत उभी राहणार, हे तो आधी ठरवतो आणि मग दोन पैलवान ते प्रेक्षकांना पटेल अशा रीतीने करून दाखवतात.

हा फरक मुळापासूनचा नव्हता, हे निवड करणाऱ्याने जाणून घेतले पाहिजे. अमेरिकेतील व्यावसायिक कुस्तीतही एके काळी खऱ्या झुंजी होत असत, आणि त्यांना जी अडचण आली ती आपल्या मैदानांनाही आली. १९१६ मध्ये ओमाहा येथे एड ‘स्ट्रँग्लर’ लुईस आणि जो स्टेकर यांची कुस्ती सुमारे पाच तास चालून बरोबरीत सुटली. त्याआधी १९१० मध्ये लंडनला आपल्या गामा पैलवानासमोर पोलंडचा झ्बिश्को अडीच तासांहून अधिक वेळ बचावात पडून राहिला आणि तीही कुस्ती निकाली झाली नाही. त्याच दोघांची १९२८ मध्ये पतियाळाला गाठ पडली तेव्हा गामाने त्याला एका मिनिटाच्या आत चीत केले. पैसे देऊन आलेल्या माणसाला काय पाहायला मिळेल याची काहीच शाश्वती नसणे, ही ती अडचण. लुईस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि स्वतः पैलवान असलेला टूट्स माँट या तिघांनी १९२०च्या दशकात तिच्यावर उपाय काढला: लढतीला वेळेची मर्यादा घातली, मुष्टियुद्धातले आणि कुस्तीतले प्रकार एकत्र आणले आणि निकालांसह सगळा कार्यक्रमच आखायला सुरुवात केली. लढणारा आणि आखणारा एकच असण्याची परंपरा या माँटसारख्या माणसांपासून रुजली. आपल्याकडे त्याच अडचणीवर वेळ बांधून देणे, ती संपल्यावर गुणांवर निकाल देणे आणि ‘निकाली कुस्त्यांचे मैदान’ असे आधीच जाहीर करणे, असे उपाय निघाले. त्यांनी मैदान पूर्णपणे रंगतेच असे नाही. पण निकाल मात्र हौद्यातच लागत राहिला.

बुकर झालेल्या पैलवानाची कारकीर्द कशी असते, हे डस्टी ऱ्होड्सच्या उदाहरणावरून सर्वांत चांगले समजते. टेक्सासमधल्या एका प्लंबरचा हा मुलगा, शरीराने पिळदार नव्हे तर थुलथुलीत म्हणावा असा, पण बोलण्यात विलक्षण. १९८५ मध्ये बेकार झालेल्या कामगारांच्या हलाखीवर त्याने कॅमेऱ्यासमोर केलेले भाषण आजही त्या व्यवसायात नमुना म्हणून दाखवले जाते. एनडब्ल्यूए या अमेरिकी कुस्तीकंपन्यांच्या संघटनेचे जागतिक अजिंक्यपद त्याने तीन वेळा मिळवले. जिम क्रॉकेट यांच्या कंपनीत तो लढत होता आणि त्याच वेळी लढती आखतही होता. ‘स्टारकेड’ हा १९८३ मध्ये सुरू झालेला मोठा वार्षिक कार्यक्रम त्याच्या कल्पनेतून आला, आणि १९८७ मधली ‘वॉरगेम्स’ ही लढतही त्याचीच. दोन रिंग शेजारीशेजारी, दोन्हींवर मिळून एकच पिंजरा, सुरुवातीला दोन्ही संघांचा एकेक गडी आत, आणि मग ठरावीक वेळाने आळीपाळीने एकेक गडी वाढत जातो. आधी आत येण्याची पाळी खलनायकांच्या संघाला मिळते, त्यामुळे नायकांचा संघ प्रत्येक वेळी काही मिनिटे एका माणसाने कमी पडतो आणि प्रेक्षकांचा जीव टांगणीला लागतो. लढतीचा हा आराखडा करण्यासाठी जी समज लागते, ती आपल्या वस्तादांच्या समजेपेक्षा कमी दर्जाची आहे असे मानणे चुकीचे ठरेल.

पण याच कारकिर्दीत या दुहेरी भूमिकेतला दोषही दिसतो. १९८४ आणि १९८५ च्या दोन्ही स्टारकेडमध्ये सर्वांत वरची लढत रिक फ्लेअर आणि डस्टी ऱ्होड्स यांची होती, म्हणजे आखणाऱ्याने पहिला मान दोन्ही वर्षी स्वतःलाच दिला. नायक जिंकला असे वाटावे, लोकांनी जल्लोष करावा आणि नंतर एखाद्या नियमावर बोट ठेवून निकाल फिरवावा, ही युक्ती त्याने इतक्या वेळा वापरली की तिला त्याचेच नाव पडले. १९८५ ची ती लढतही अशीच फिरवण्यात आली. एकदा फसलेला प्रेक्षक चिडून पुन्हा येतो, पण वारंवार फसलेला येईनासा होतो. १९८८ च्या अखेरीस कंपनी टेड टर्नर यांच्याकडे गेली. मालकांनी रक्तपाताला मनाई केलेली असताना ऱ्होड्सने टीव्हीवर स्वतःवरच रक्तबंबाळ हल्ला घडवून आणला, आणि त्यात त्याचे पद गेले. पुढच्याच वर्षी तो प्रतिस्पर्धी कंपनीत पिवळ्या ठिपक्यांचा पोशाख घालून, दुसऱ्याने आखलेल्या लढती लढताना दिसला. आयुष्याची शेवटची वर्षे त्याने ऑर्लँडोला नव्या मुलांना माइकसमोर बोलायला शिकवण्यात घालवली आणि २०१५ मध्ये तो वारला. त्याने शिकवलेली मुले पुढे मोठी झाली, हे त्याच्या आखलेल्या कोणत्याही लढतीपेक्षा मला अधिक महत्त्वाचे वाटते.

स्वतःला वर ठेवण्याचा मोह व्हर्न गान्यालाही आवरला नाही. १९४८ च्या ऑलिंपिक संघातला हा राखीव कुस्तीगीर एडब्ल्यूए या कंपनीचा कर्ताधर्ता झाला आणि १९८१ मध्ये पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त झाला तोही स्वतःकडे अजिंक्यपद असतानाच. हल्क होगन त्याच्याकडे असताना लोकांना तोच चॅम्पियन हवा होता. १९८३ च्या अखेरीस होगन सोडून गेला आणि १९९१ मध्ये कंपनी बंद पडली. याउलट जपानचा जायंट बाबा. १९७२ मध्ये ऑल जपान ही कंपनी काढल्यावर काही वर्षे तोच तिचा पहिला तारा होता, पण वय झाल्यावर तो खालच्या क्रमांकाच्या हलक्याफुलक्या लढतींत उतरू लागला आणि वरची जागा त्याने तरुणांना मोकळी करून दिली. जून १९९० मध्ये मिसावा या तरुण मल्लाने जंबो त्सुरुता या प्रस्थापित मल्लाला हरवले, ते बाबाच्याच आखणीनुसार. त्यानंतरच्या दहा वर्षांतील त्या कंपनीच्या लढती जगभरचे जाणकार आजही नावाजतात. डब्ल्यूडब्ल्यूएफ (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) या अमेरिकी कंपनीतल्या पॅट पॅटरसनने तर लढणे जवळपास थांबवल्यानंतरच आखणीचे काम मनापासून धरले, आणि १९८८ मध्ये वीस जणांनी सुरू झालेली ‘रॉयल रंबल’ त्याच्या डोक्यातून निघाली. याच पॅटरसनला १९७९ मध्ये इंटरकॉन्टिनेंटल अजिंक्यपद देताना रिओ दि जानिरोला झालेली म्हणून जी स्पर्धा सांगण्यात आली, ती प्रत्यक्षात झालीच नव्हती. या व्यवसायात जाणाऱ्याला असे काही सांगण्याची आणि ते सांगताना चेहरा सरळ ठेवण्याची तयारी लागते.

आता इथली बाजू. कोल्हापूर भागात दिवाळीनंतर यात्रा, जत्रा आणि उरुसांची मैदाने सुरू होतात आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत चालतात. मोठ्या कुस्त्या कमिटी आणि वस्ताद आधी ठरवतात, लहान मुलांच्या कुस्त्या मात्र हौद्याच्या कडेलाच, दोन पोरांना शेजारी उभे करून, खांदा-मान पाहून लावल्या जातात. वजन आणि वय ही प्राथमिक गोष्ट झाली. खरे कौशल्य पुढे आहे. एकाच वस्तादाचे दोन पठ्ठे समोरासमोर आणायचे नाहीत, गंगावेस, शाहूपुरी, मोतीबाग अशा तालमींची जुनी ईर्षा मैदानाला उपयोगी पडेल पण भांडणापर्यंत जाणार नाही असे पाहायचे, घिस्सा आणि एकचाक या डावांवर भर असलेल्याला केवळ बचाव करणाऱ्याच्या गळ्यात बांधायचे नाही, गेल्या मैदानात पडलेल्याला लगेच दुसरा डोंगर द्यायचा नाही. हे करताना इनाम देणाऱ्याचा आग्रह, गावच्या पैलवानाला वर घेण्याचा दबाव आणि वस्तादांचा मान, तिन्ही सांभाळावे लागतात. जोडणीत पक्षपात दिसला तर लोक मैदानातच ओरडतात, आणि दोघांनी आपसात ठरवून कुस्ती बरोबरीत सोडवली असा संशय आला तर ज्याने ती लावली त्याचे नाव पुढच्या गावापर्यंत पोहोचते.

रिंगमध्ये जे कसब मानले जाते तेच हौद्यात पाप ठरते, कारण तिकीट काढणाऱ्याशी झालेला करार दोन्हीकडे वेगळा आहे. १९८९ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने न्यू जर्सी राज्यापुढे स्वतःच मान्य केले, की आपला कार्यक्रम ही स्पर्धा नसून करमणूक आहे, आणि त्यामुळे क्रीडास्पर्धांवरची शासकीय बंधने व कर आपल्याला लागू नयेत. प्रेक्षक ते जाणून येतो, म्हणून तिथे फसवणूक उरत नाही. दोन्ही व्यवसाय एकाच वेळी करण्याचा विचार मात्र कोणी करू नये. ज्याने रिंगमध्ये निकाल आखले आहेत, त्याने लावलेल्या मैदानी जोडीवर येथील प्रेक्षक विश्वास ठेवणार नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही.

मिळकत आणि शरीर यांबद्दल थोडक्यात. मैदान ठरवणाऱ्याला इथे प्रामुख्याने मान मिळतो. त्यावर घर चालत नाही, शेती, नोकरी किंवा तालीम हाताशी असावी लागते. मान्यताप्राप्त स्पर्धांतील कामगिरी असेल तर शासकीय नोकऱ्यांतील खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाचा विचार वय निघून जाण्याआधी करावा. यात्रेतली इनामे किंवा रिंगमधले पट्टे त्यासाठी धरले जात नाहीत. डब्ल्यूडब्ल्यूईसारख्या कंपनीत पैसा मोठा आहे, पण तिथला पैलवान नोकर नसून स्वतंत्र कंत्राटदार असतो, त्यामुळे करार संपला की आधारही संपतो. निकाल ठरलेला असला तरी आपटणे खरे असते, आणि पाठ, मान व गुडघे वर्षभर, हंगाम न पाहता झिजत राहतात. मातीत दुखापत होते, पण माती काही भार झेलते आणि पावसाळ्यात शरीराला विसावा मिळतो. भारतातून त्या बाजूला जाण्याचा सर्वांत जवळचा रस्ता जालंधरचा आहे, जिथे पंजाब पोलिसांतून गेलेल्या आणि २००७ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईचा वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झालेल्या द ग्रेट खलीने २०१५ मध्ये प्रशिक्षणाची संस्था सुरू केली. तिथे पहिल्या दिवसापासून कोणी आखणी करायला देत नाही. ऱ्होड्स काय, पॅटरसन काय, आधी अनेक वर्षे लढले आणि हुकमाप्रमाणे हरलेही.

अठ्ठावीस वर्षांच्या, नजर तयार असलेल्या पण पल्लेदार बोलणे न जमणाऱ्या पैलवानाने येथेच राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. विशीच्या आतबाहेरचा, बोलका, उंचपुरा आणि हरल्यावर झोप न उडणारा मुलगा असेल, तर त्याला मी जालंधरला जाण्यापासून अडवणार नाही. शंका असेल तर येत्या हंगामात गावच्या कमिटीकडून लहान मुलांच्या कुस्त्या लावण्याचे काम मागून घ्यावे आणि तीन-चार मैदाने स्वतःकडे लक्ष द्यावे. आपण लावलेली जोड कोणत्याही बाजूला निकाली झाली तरी समाधान वाटत असेल, तर वस्तादांच्या शेजारी बसून पुढच्या कुस्त्या शिकाव्यात. अमुकच पोरगा जिंकायला हवा होता, आणि तो अमुक डावावर, शेवटच्या मिनिटाला जिंकायला हवा होता, असे पुन्हा पुन्हा वाटत असेल, तर जालंधरची फी आणि मुदत विचारून घ्यायला हरकत नाही.